कॉन्करन्सीचे मॉडेल कसे निवडावे: बदलत्या माहितीच्या मालकीपासून सुरुवात

एकाच वेळी अनेक कामे पुढे नेणारी प्रणाली लिहायचे ठरले की चर्चा बहुधा साधनांपासून सुरू होते. थ्रेड (एकाच प्रोग्रॅममधील स्वतंत्रपणे चालणारी कामाची धार) वापरायचे की असिंक-अवेट (वाट पाहताना थ्रेड मोकळा सोडणारी लेखनशैली), गो भाषा घ्यायची की अर्लँग, यावर बैठका होतात आणि प्रणालीत नेमके काय बदलते, ते कोण बदलते, हा प्रश्न पहिला दोष सापडेपर्यंत कोणी विचारत नाही. या लेखातील क्रम उलटा आहे. काम कशासाठी थांबते ते आधी मोजायचे, मग बदलणाऱ्या माहितीची यादी करायची, तिच्या प्रत्येक तुकड्याला मालक नेमायचा आणि त्यानंतरच मॉडेल निवडायचे. लॉक (एका वेळी एकालाच प्रवेश देणारे कुलूप), चॅनेल (कामांमध्ये संदेश नेणारी वाहिनी), ॲक्टर (आपली माहिती स्वतःच सांभाळणारा घटक) आणि इव्हेंट लूप (आलेली कामे एका थ्रेडवर पाळीपाळीने चालवणारे चक्र) दिसायला फार वेगळे असले, तरी एखाद्या माहितीला हात लावण्याचा अधिकार कोणत्या क्षणी कोणाकडे असेल, या एकाच प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरे आहेत.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. एक सेवा स्कॅन केलेली कागदपत्रे स्वीकारते, चित्रातून मजकूर काढते, तो मजकूर वर्गीकरणासाठी दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवते आणि आलेला निकाल डेटाबेसमध्ये साठवते. प्रत्येक खात्याला दरमहा ठरावीक पानांचा कोटा आहे. गणन, नेटवर्कवरची वाट पाहणे आणि अनेकांनी एकाच वेळी बदलायची माहिती, या तिन्ही गोष्टी या लहानशा उदाहरणात आहेत.

पायरी १: काम गणनात अडते की वाट पाहण्यात, ते मोजा

प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (स्वतंत्र गणन-एककावर) दहा कामे आलटून पालटून पुढे सरकत असतील तर ती कॉन्करन्सी झाली. दहा कोअरवर दहा कामे त्याच क्षणी चालत असतील तर ती समांतर अंमलबजावणी. वाट पाहण्यात जाणारा वेळ पहिलीने भरून निघतो, गणनात जाणारा वेळ कमी करायला दुसरीच लागते. म्हणून प्रत्येक विनंतीत प्रोसेसरचा वेळ किती आणि निव्वळ थांबण्याचा वेळ किती, हे दोन आकडे प्रोफायलरने (वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाने) वेगळे काढावेत.

समजा, सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती पूर्ण व्हायला १.५ सेकंद लागतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार कोणत्याही क्षणी प्रणालीत सरासरी २०० गुणिले १.५, म्हणजे ३०० विनंत्या असतील. ३०० हा आकडा साध्या थ्रेडना सहज पेलतो. लिनक्सवर थ्रेडच्या स्टॅकसाठी (चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या जागेसाठी) सामान्यतः ८ एमबी राखून ठेवलेले दिसतात, पण ती आभासी पत्त्यांची राखीव जागा असते. प्रत्यक्ष मेमरी वापराप्रमाणेच खर्ची पडते. त्यामुळे केवळ ‘थ्रेड महाग असतात’ असे ऐकून ३०० विनंत्यांसाठी संपूर्ण कोड असिंक शैलीत लिहिणे मला अनाठायी वाटते. तोच आकडा ३०,००० झाला तर गणित बदलते. एका सर्व्हरने १०,००० जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगल यांनी १९९९ मध्ये मांडला. कमी थ्रेडमध्ये असंख्य जोडण्या हाताळण्याच्या आजच्या पद्धती त्याच प्रश्नाभोवती रुळल्या.

आता प्रोसेसरच्या वेळेकडे पाहू. मजकूर काढायला प्रत्येक विनंतीमागे ४० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ८ सेकंदांचे गणन साचते. ८ कोअरचे यंत्र तेवढ्यातच पूर्ण भरते, आणि पूर्ण भरलेल्या यंत्रापुढची रांग वाढतच जाते. इथे कोणतेही असिंक तंत्र उपयोगी पडत नाही; कोअर तरी वाढवावे लागतात किंवा काम तरी कमी करावे लागते. कोअर वाढवण्यालाही सीमा आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार कामाचा १० टक्के भाग अटळपणे एकामागून एक करावा लागत असेल, तर ८ कोअरवर वेग सुमारे ४.७ पट होतो आणि कितीही कोअर घातले तरी तो १० पटींपुढे जात नाही. पायथनमध्ये आणखी एक अडसर आहे: प्रचलित इंटरप्रिटरच्या जागतिक लॉकमुळे शुद्ध पायथनमधील गणन अनेक थ्रेडमध्ये वाटूनही एका वेळी एकच थ्रेड पुढे सरकतो. त्यामुळे अशा गणनासाठी स्वतंत्र प्रोसेस वापरण्याची रीत आहे. २०२४ मधील ३.१३ आवृत्तीत हा लॉक वगळलेली प्रायोगिक बांधणी उपलब्ध झाली.

पायरी २: बदलणाऱ्या माहितीची यादी करा

हे काम कागदावर करावे आणि त्यासाठी वेळ राखून ठेवावा. एकापेक्षा अधिक कामे जिला स्पर्श करतात अशा प्रत्येक माहितीची नोंद करा: ती कोण वाचते, कोण बदलते आणि दुसऱ्या कोणत्या माहितीशी तिचा मेळ कायम राहिला पाहिजे. हा शेवटचा रकाना बहुतेक लोक सोडून देतात, पण दोष तिथेच दडलेले असतात.

आपल्या सेवेत ‘उरलेली पाने’ आणि ‘स्वीकारलेली कागदपत्रे’ यांचा मेळ राहायला हवा. एका खात्यात १० पाने शिल्लक असताना ८-८ पानांच्या दोन विनंत्या एकाच वेळी आल्या असे समजा. पहिली विनंती शिल्लक वाचते, १० दिसतात. तेवढ्यात दुसरीही वाचते, तिलाही १० दिसतात. दोघींनाही परवानगी मिळते, दोघीही १० वजा ८ करून २ लिहितात. आता १६ पाने वापरली गेली आहेत आणि नोंद मात्र सांगते की २ शिल्लक आहेत. ऋण आकडा दिसला असता तर कोणाच्या तरी लक्षात आले असते. इथे तीही शक्यता नाही.

या प्रसंगात प्रत्येक वाचन आणि प्रत्येक लेखन स्वतंत्रपणे अविभाज्य केले तरी दोष जात नाही, कारण तो वाचन आणि लेखन यांच्या मधल्या फटीत आहे. डेटा रेस (एकच माहिती संरक्षणाविना एकाच वेळी वाचणे-लिहिणे) आणि रेस कंडिशन (कामांच्या क्रमावर अवलंबून चुकणारा निकाल) यांतील भेद तो हाच. रस्ट भाषेचा कंपायलर सुरक्षित कोडमध्ये डेटा रेस होऊ देत नाही, आणि ती मोठीच सोय आहे. पण ‘आधी तपासा, मग बदला’ या क्रमातली तार्किक चूक त्यालाही दिसत नाही.

यादी तयार झाली की पहिला प्रयत्न ती लहान करण्याचा असावा. सुरुवातीला वाचून घेतलेली संरचना-माहिती अपरिवर्तनीय ठेवावी आणि बदल झाल्यास नवी प्रत तयार करून फक्त तिचा संदर्भ बदलावा. विनंतीपुरती लागणारी माहिती त्या विनंतीतच राहू द्यावी. कोट्याचे काम डेटाबेसवर सोपवता येते: ‘उरलेली पाने ८ किंवा अधिक असतील तरच ८ वजा कर’ अशी एकच सशर्त अपडेट आज्ञा द्यायची आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचे. एकही बदलली नाही तर विनंती नाकारायची. सेवा उद्या दोन यंत्रांवर चालवायची झाली तरी ही पद्धत टिकते. मेमरीतला लॉक मात्र दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. अशा रीतीने यादी अर्ध्यावर येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पायरी ३: उरलेल्या माहितीला मालक नेमा

*लॉक.* एडस्गर डायक्स्ट्रा यांनी परस्पर-वर्जनाचा, म्हणजे एका वेळी एकालाच प्रवेश देण्याचा, प्रश्न १९६५ मध्ये नेमकेपणाने मांडून सोडवला. पुढे १९७३-७४ च्या सुमारास पेर ब्रिंच हॅन्सन आणि टोनी होर यांनी लॉक व माहिती एकत्र बांधणारी मॉनिटरची कल्पना विकसित केली. जावातील सिंक्रोनाइज्ड पद्धती त्याच वंशातल्या. लॉक वापरताना तो कोडच्या ओळींचे रक्षण करतो असे मानू नये; तो माहितीमधील एका ठरलेल्या नात्याचे रक्षण करतो. कोणता लॉक कोणत्या फील्डसाठी आहे, हे त्या फील्डशेजारीच लिहून ठेवावे. वाचतानाही लॉक घ्यावा, कारण एका थ्रेडने लिहिलेले मूल्य दुसऱ्याला कधी दिसेल याची हमी भाषेच्या मेमरी मॉडेलमधून येते. जावाने २००४ मधील पाचव्या आवृत्तीत हे मॉडेल सुधारून स्पष्ट केले, आणि त्यानुसार व्होलाटाइल (बदल इतर थ्रेडना दिसलाच पाहिजे, अशी खूण) नसलेला ‘थांबा’ असा ध्वज दुसऱ्या थ्रेडला कधीच दिसला नाही तरी ते नियमबाह्य नाही.

लॉक धरलेला असताना नेटवर्क, डिस्क किंवा परक्या कॉलबॅकला (दुसऱ्याने दिलेल्या, नंतर बोलावल्या जाणाऱ्या कोडला) हात लावू नये. दोन लॉक घ्यावे लागत असतील तर त्यांचा क्रम ठरलेला हवा. एका खात्याचा कोटा दुसऱ्याकडे वळवताना नेहमी लहान क्रमांकाच्या खात्याचा लॉक आधी घ्यावा, मग पैसा किंवा पाने कोणत्याही दिशेने जावोत. डेडलॉकसाठी, म्हणजे एकमेकांची वाट पाहत सगळे कायमचे अडकण्यासाठी, चार अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, असे कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवले: साधन एकाच्याच ताब्यात असणे, हातचे न सोडता दुसऱ्याची वाट पाहणे, ताबा सक्तीने काढून घेता न येणे आणि वाट पाहण्याचे वर्तुळ तयार होणे. ठरलेल्या क्रमामुळे यातली शेवटची अट मोडते. कंडिशन व्हेरिएबलवर (अट बदलल्याचा संकेत देणाऱ्या साधनावर) थांबताना अट ‘इफ’मध्ये न तपासता ‘व्हाइल’मध्ये तपासावी, कारण संकेत नसतानाही जाग येऊ शकते.

प्राधान्यक्रम असलेल्या प्रणालीत आणखी एक सापळा असतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार रीसेट होऊ लागला. कमी प्राधान्याच्या कामाने लॉक धरला होता, उच्च प्राधान्याचे काम त्या लॉकसाठी थांबले होते आणि मधल्या प्राधान्याची कामे पहिल्याला प्रोसेसर मिळू देत नव्हती. लॉकधारकाला तात्पुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये होतीच, फक्त बंद होती. अभियंत्यांनी ती पृथ्वीवरून चालू केली.

लॉकची खरी अडचण अशी की लॉक बरोबर वापरणारे दोन घटक एकत्र जोडले तर तयार होणारी रचना बरोबर असेलच असे नाही. या अडचणीवर हास्केल भाषेत २००५ पासून ट्रान्झॅक्शनल मेमरीचा (मेमरीतले अनेक बदल एकच अविभाज्य व्यवहार म्हणून करण्याचा) सुंदर उपाय आहे, पण संघर्ष झाल्यास व्यवहार पुन्हा सुरुवातीपासून चालतो, त्यामुळे त्याच्या आत ईमेल पाठवण्यासारखे मागे न घेता येणारे काम ठेवता येत नाही.

*चॅनेल.* होर यांनी १९७८ मध्ये परस्परांशी संवाद साधणाऱ्या क्रमिक प्रक्रियांची कल्पना मांडली आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेने ती रोजच्या वापरात आणली. कामाचे टप्पे पडत असतील तर हे मॉडेल चपखल बसते. आपल्या सेवेत मजकूर काढणाऱ्या टप्प्यावर कोअरइतके कामकरी, दूरच्या सर्व्हरला विचारणाऱ्या टप्प्यावर त्या सर्व्हरला झेपतील तितके आणि साठवणीच्या टप्प्यावर डेटाबेसच्या जोडण्यांइतके, अशी मांडणी करावी. टप्प्यांमधल्या प्रत्येक चॅनेलला मर्यादा असावी. मर्यादित चॅनेल भरले की मागचा टप्पा आपोआप थांबतो आणि दाब शेवटी विनंती स्वीकारणाऱ्या दारापर्यंत पोचतो, जिथे ‘आत्ता शक्य नाही’ असे प्रामाणिक उत्तर देता येते. बफर मोठा केल्याने वेग वाढतो असा समज पसरलेला आहे. बफर क्षणिक उसळी सामावून घेतो, पण सततची तूट तो फक्त काही काळ लपवतो.

चॅनेल बंद करण्याचा अधिकार पाठवणाऱ्याकडेच ठेवावा; गोमध्ये बंद चॅनेलवर पाठवल्यास प्रोग्रॅम पॅनिक होतो. घेणारा मध्येच निघून गेला तर पाठवणारी गोरूटीन (गोमधील हलका थ्रेड) कायमची अडकून राहते. गोरूटीन सुमारे २ केबी स्टॅकवर सुरू होत असल्यामुळे अशी गळती बराच काळ ध्यानात येत नाही. चॅनेलमधून पॉइंटर (माहितीचा मेमरीतला पत्ता) पाठवून तोच पुढे वापरत राहिलात, तर वरून संदेश दिसत असले तरी प्रत्यक्षात माहिती सामायिकच राहते. पाठवले की मालकी गेली, हा नियम रस्टमध्ये कंपायलर पाळायला लावतो, गोमध्ये तो तुम्हाला पाळावा लागतो.

*ॲक्टर.* कार्ल ह्युइट, पीटर बिशप आणि रिचर्ड स्टायगर यांनी १९७३ मध्ये मांडलेले हे मॉडेल टेलिफोन एक्सचेंजच्या जगात फळले. एरिक्सनमध्ये १९८६ च्या सुमारास सुरू झालेली अर्लँग भाषा ॲक्टर या नावाने जन्मली नव्हती, तरी तिच्या प्रोसेस त्याच जातीच्या आहेत. प्रत्येक खात्यासाठी एक ॲक्टर ठेवला तर त्या खात्याच्या विनंत्या त्याच्या टपालपेटीत एकामागून एक येतात, तपासणी आणि वजाबाकी यांच्या मध्ये दुसरे कोणी शिरू शकत नाही. ॲक्टर कोसळला तर पर्यवेक्षक त्याला ज्ञात स्थितीतून पुन्हा सुरू करतो. सतत चालणाऱ्या, आपापली स्थिती बाळगणाऱ्या असंख्य घटकांसाठी यापेक्षा स्वच्छ मांडणी मला ठाऊक नाही.

तरीही तीन गोष्टींचे भान हवे. अर्लँगमधील टपालपेटीला मूलतः मर्यादा नसते, त्यामुळे तिची लांबी मोजत राहणे हे तुमचे काम. दोन ॲक्टर एकमेकांना प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबले तर डेडलॉक होतोच. अर्लँगमध्ये अशा कॉलची नेहमीची मुदत ५ सेकंदांची असल्याने तो कोंडी म्हणून न दिसता मुदत संपल्याची चूक म्हणून दिसतो. तिसरे म्हणजे, ॲक्टरने स्वतः दूरच्या सर्व्हरची वाट पाहू नये, नाहीतर त्या खात्याची सगळी टपालपेटी त्या एका उत्तरासाठी खोळंबते.

*इव्हेंट लूप.* २००९ मधील नोड-जेएसने हे मॉडेल लोकप्रिय केले. असिंक-अवेटची वाक्यरचना सी-शार्पमध्ये २०१२ ला, पायथनमध्ये २०१५ ला आणि जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या प्रमाणकात आली. एकाच थ्रेडवरच्या लूपमध्ये दोन अवेटच्या मधला कोड अखंड चालतो, म्हणून कोटा तपासणे आणि वजा करणे यांच्यामध्ये अवेट नसेल तर लॉकची गरज नाही. सहा महिन्यांनी कोणी मध्ये नोंद लिहिणारी एक अवेटची ओळ घातली की पायरी २ मधला दोष जसाच्या तसा परत येतो, आणि कोडच्या परीक्षणात ती ओळ अगदी निरुपद्रवी दिसते. परीक्षण करताना प्रत्येक अवेटपाशी ‘इथे जग बदलू शकते’ असे मनात म्हणावे. ४० मिलिसेकंदांचे गणन लूपमध्येच केले तर सेकंदाला जास्तीत जास्त २५ कागदपत्रे होतील आणि तेवढा वेळ बाकी सगळ्या जोडण्या ताटकळतील. ते काम वेगळ्या प्रोसेसकडे किंवा थ्रेड पूलकडे द्यावे.

जावाच्या २१ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, आभासी थ्रेड स्थिरावले. त्यामुळे थांबणारा सरळ कोड लिहूनही लाखभर कामे वाट पाहत ठेवता येतात. सामायिक माहितीचे सर्व नियम मात्र जुन्या थ्रेडप्रमाणेच लागू राहतात. २१ व्या आवृत्तीत सिंक्रोनाइज्ड भागात थांबलेला आभासी थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवत असे. २०२५ च्या २४ व्या आवृत्तीत ती अडचण दूर झाली.

आपल्या उदाहरणासाठी माझा निवाडा असा: कोटा डेटाबेसमध्ये, नेटवर्कचे काम इव्हेंट लूपवर किंवा आभासी थ्रेडवर, मजकूर काढण्यासाठी कोअरइतक्या कामकऱ्यांचा पूल आणि दोहोंच्या मध्ये मर्यादित रांग. अशा रचनेत स्वतःच्या कोडमध्ये लिहायचा लॉक जवळपास उरत नाही. खात्याची स्थिती सतत मेमरीत ठेवावी लागली असती, तर मी ॲक्टरकडे वळलो असतो.

पायरी ४: प्रत्येक कामाला आयुष्याची सीमा द्या

सुरू करून सोडून दिलेले काम ही कोणत्याही मॉडेलमधली उधारी असते. रचित कॉन्करन्सीचा नियम असा की उपकामे एका गटात सुरू व्हावीत आणि गट संपण्यापूर्वी ती सगळी संपलेली किंवा रद्द झालेली असावीत. कोटलिनच्या कोरूटीन आणि २०२२ मधील पायथन ३.११ चे टास्कग्रुप यासाठीच आहेत. मुदत प्रत्येक टप्प्याला वेगळी न देता संपूर्ण विनंतीला एकच अंतिम वेळ द्यावी आणि तीच खाली पोचवत जावी. कोटा वजा झाल्यानंतर काम रद्द झाले तर तो परत करायचा की नाही, हे आधीच ठरवावे. पुनर्प्रयत्नात तो दोनदा वजा होऊ नये म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतःचा ओळखक्रमांक असावा.

पायरी ५: चाचणीत वेळापत्रक बिघडवा

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात किमान सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरणोत्सर्ग मिळाला. त्यामागच्या कारणांत एक रेस कंडिशन होती आणि ती ऑपरेटरने माहिती पुरेशा वेगाने दुरुस्त केली तरच प्रकट होत असे. सावकाश केलेल्या चाचणीत असा दोष सापडणे कठीण. म्हणून समान खात्यावर एकाच वेळी हजारो विनंत्या सोडाव्यात, संशयित जागांवर मुद्दाम यादृच्छिक विलंब घालावा आणि शेवटी वेगवेगळी उत्तरे न तपासता नाते तपासावे: वापरलेली अधिक उरलेली पाने मूळ कोट्याइतकी आहेत का? गोमधील रेस डिटेक्टर आणि सी-प्लस-प्लससाठीचे थ्रेडसॅनिटायझर रोजच्या बांधणीत चालू ठेवावे, मात्र ती साधने प्रत्यक्ष चाललेल्या मार्गांवरचेच दोष दाखवतात आणि आपला कोट्याचा दोष लॉकच्या आड लपला असेल तर त्यांनाही तो दिसत नाही. दोष शोधण्यासाठी छापण्याची ओळ घातली की तो नाहीसा होतो, हा अनुभव अनेकांना येतो. त्या ओळीने वेळापत्रक बदललेले असते, दोष तिथेच असतो. अडकलेल्या प्रोसेसमधील सर्व थ्रेडचे स्टॅक काढून पाहणे अशा वेळी अधिक उपयोगी ठरते.

पायरी ६: बंद करण्याचा क्रम लिहून ठेवा

नवी आवृत्ती चढवताना चालती सेवा थांबवावी लागते आणि कच्ची रचना तिथे हमखास उघडी पडते. आधी नव्या विनंत्या घेणे बंद करावे, मग पहिल्या टप्प्याची रांग रिकामी होऊ द्यावी, त्यानंतर तिचे चॅनेल बंद करून पुढच्या टप्प्याकडे जावे. डेटाबेसच्या जोडण्या सर्वांत शेवटी सोडाव्यात. या सगळ्याला मिळून एक कमाल मुदत असावी, आणि ती संपल्यावर उरलेली कामे रद्द करून त्यांचे ओळखक्रमांक नोंदवावेत, म्हणजे नवी आवृत्ती सुरू होताच तीच कामे पुन्हा हाती घेता येतील.